बोटीच्या सहलीचा कार्यक्रम कसा आखावा?

उजनी जलाशयात भिगवण-कुंभारगावजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी पाहण्यासाठी बोटी सुटतात. बारामती-इंदापूरच्या आपल्या व्यावसायिक बांधवांना अशा सहली नेणे हा चांगला जोडधंदा आहे. त्यासाठी आम्ही पुढील गोष्टी सुचवतो.

१) फज्रची नमाज होताच निघावे, सकाळी पक्षी चांगले दिसतात.

२) बोटीवर गाणी नकोत, आवाजाने पक्षी उडतात. दुर्बीण आणि माहिती सांगणारा नावाडी हीच खरी करमणूक. खेळ व नाश्ता काठावर ठेवावा.

३) लाइफ जॅकेटशिवाय कोणालाही बोटीत बसवू नये. २१ मे २०२४ रोजी कळाशी-कुगाव दरम्यान वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. वारा सुटल्यास सहल रद्द करून पैसे परत द्यावेत. ही अट गिऱ्हाइकाला आगाऊच सांगावी, म्हणजे वाद होत नाही.