रस्त्याने गेलेले स्टेशन

मंडळी, गाडी एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर जाते, हे आपण नेहमी पाहतो. पण खुद्द स्टेशनच उठून दुसरीकडे गेले, असे कोणी सांगितले तर? आपण म्हणू, काहीतरीच काय सांगता! पण ही गोष्ट खरी आहे. आजच्या धड्यात आपण तीच वाचू.

जंक्शनाचे गाव

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅलिफोर्निया नावाचे राज्य आहे. तेथे लॉस एंजेलिस हे मोठे शहर आहे. सिनेमाचे हॉलिवूड तिथलेच. या शहराच्या उत्तरेला सुमारे ३० मैलांवर सॉगस नावाचे लहान गाव होते. १९८७ पासून ते सांता क्लॅरिटा या शहरात सामील झाले आहे.

१८७६ च्या सप्टेंबर महिन्यात सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिस ही शहरे लोहमार्गाने जोडली गेली. हा मार्ग सदर्न पॅसिफिक नावाच्या कंपनीचा. १८८७ साली या मार्गाला एक फाटा फुटला. तो समुद्रकिनाऱ्याकडे जाई. जिथे फाटा फुटला तिथे जंक्शन झाले, आणि जंक्शनावर स्टेशन बांधले गेले. हेच सॉगसचे स्टेशन. इमारत लाकडाची, रंग पिवळा.

त्या काळी लहान गावातले स्टेशन म्हणजे नुसती तिकिटाची खिडकी नव्हे. तार यायची ती स्टेशनात. टपालाच्या थैल्या उतरायच्या त्या स्टेशनात. शेतकऱ्याचा माल चढायचा तोही तिथेच. कोणाचा मुलगा लढाईवर निघाला, कोणाची बहीण परगावी चालली, की डोळे पुसायचे ते फलाटावरच. गावात येणारी प्रत्येक बातमी आधी स्टेशनाला ठाऊक, मग गावाला.

आपल्याला चार्ली चॅप्लिन माहीत आहे ना? तोच, आखूड कोट, ढगळ विजार आणि हातात काठी असलेला. त्याच्या १९२३ सालच्या ‘द पिल्ग्रिम’ या मूकपटात हे स्टेशन दिसते. १९५४ साली ‘सडनली’ नावाचा बोलपट निघाला, त्यातही ते आहे.

उतरती कळा

पण दिवस सारखे राहत नाहीत. १९०४ साली डोंगरातून बोगदे पाडून किनाऱ्याकडे जाणारा दुसरा, सरळ मार्ग सुरू झाला. किनाऱ्याकडच्या मोठ्या गाड्या तिकडून धावू लागल्या. सॉगसचा फाटा मागे पडला. पुढे मोटारी वाढल्या, सडका रुंद झाल्या. उतारू कमी झाले. तारेची जागा टेलिफोनने घेतली. शेवटी १९७८ साली कंपनीने स्टेशनाला कुलूप लावले.

त्या काळात अमेरिकेत अशी कितीतरी लहान स्टेशने पाडली गेली. कंपनीच्या हिशेबाने पाहिले तर त्यात नवल नाही. बंद इमारतीची राखण करायची, डागडुजी करायची, आग लागली तर जबाब द्यायचा, आणि उत्पन्न एका पैचे नाही! वहीत फक्त खर्चच. गावाची आठवण लिहायला हिशेबाच्या वहीत रकाना नसतो. ती वही गावकऱ्यांनीच ठेवायची असते.

सॉगसच्या बाबतीत ती वही ठेवणारे लोक होते. १९७५ सालीच त्या खोऱ्यातल्या लोकांनी एक इतिहास मंडळ स्थापन केले होते. स्टेशन बंद पडायच्या तीन वर्षे आधी, बरे का! विहीर आग लागल्यावर खणायची नसते, ती अशी.

मंडळाने स्टेशनाची इमारत मागितली. इमारत मिळाली, पण जागा मिळायची नव्हती. म्हणजे वाचवायची तर उचलून न्यायची.

तीन प्रश्न

आता मंडळापुढे तीन प्रश्न उभे राहिले. कुठे न्यायची? पैसा कुठून आणायचा? आणि नेल्यावर तिचे करायचे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका नटाच्या दानात सापडले. विल्यम एस. हार्ट हा मूकपटातला नावाजलेला नट. घोडेस्वाराच्या भूमिका करायचा. शेजारच्या न्यूहॉल गावी त्याचा मोठा मळा होता. १९४६ साली तो वारला. आपला मळा लोकांना फिरायला मिळावा म्हणून त्याने तो सरकारकडे देऊन ठेवला होता. त्या बागेत स्टेशनाला जागा झाली. अंतर दोनेक मैल.

पैशासाठी मंडळाने लोकांपुढे झोळी पसरली. वर्गणीचे काम कसे असते ते आपल्याला सांगायला नको. दहा दारे हिंडावी तेव्हा दोन उघडतात. तरी काम तडीस गेले.

तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. आम्हाला वाटते, तोच खरा. नुसती वाचवलेली इमारत पुन्हा मरते. तिला रोजचे काम लागते, झाडणारा हात लागतो. मंडळाने ठरवले, येथे खोऱ्याच्या इतिहासाचे संग्रहालय करायचे.

इमारत कशी हलवतात?

हे तंत्र समजून घेऊ. लाकडी इमारत ही एका मोठ्या पेटीसारखी असते. खांब, तुळया आणि फळ्या एकमेकांत घट्ट बसवलेल्या असतात. म्हणून ती अखंड उचलता येते. विटांच्या घराला हेच काम फार जड जाते.

आधी नव्या जागी पाया तयार करतात. मग जुन्या इमारतीचे नळ आणि विजेच्या तारा तोडतात. धुराडे विटांचे असेल तर उतरवतात. जोत्याला भोके पाडून खालून लोखंडी तुळया सरकवतात. तुळयांखाली जॅक लावतात. मग सगळे जॅक सारखे, बोट बोट वर घेतात. एक बाजू जास्त उचलली गेली तर भिंत पिळवटते, दारे बसत नाहीत. इमारत पुरेशी वर आली की खाली चाके घालतात, आणि पुढे जोरकस मोटार जोडतात. रस्ता बंद करावा लागतो. वाटेतल्या तारा उंच कराव्या लागतात. वेग माणसाच्या चालीचा. आणि एवढे करून नेमके नव्या पायावर उतरवायचे. घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे.

१९८० च्या जून महिन्यात सॉगसचे स्टेशन असे रस्त्याने निघाले, आणि न्यूहॉलच्या बागेत जाऊन बसले. इतकी वर्षे ज्याने लोकांना प्रवासाला धाडले, त्याने स्वतःचा पहिला प्रवास केला!

पुढे जीन ऑट्री नावाच्या गायक-नटाने आपल्याजवळचे वाफेचे इंजिन मंडळाला दिले. ते १९०० साली बनलेले, क्रमांक १६२९. ते स्टेशनाशेजारी उभे राहिले. मग खोऱ्यातल्या इतर जुन्या वास्तूही त्याच बागेत येऊ लागल्या.

काय गमावले?

आता खरे सांगायचे तर या कामात तोटाही आहे. बागेतल्या स्टेशनावर गाडी थांबत नाही. जंक्शन होते म्हणून स्टेशन होते. ते जंक्शन मागेच राहिले. अमेरिकेत ऐतिहासिक वास्तूंची एक राष्ट्रीय नोंदवही आहे. १९६६ सालच्या कायद्याने ती सुरू झाली. जागेवरून हलवलेली इमारत तिच्यात सहसा घेत नाहीत. खास कारण असेल तरच घेतात. त्यांचे म्हणणे असे, की वास्तू आणि जागा मिळून इतिहास होतो. हे म्हणणे आम्हाला पटते. झाड मुळासकट काढून दुसरीकडे लावले तर जगते, पण पहिली माती काही बरोबर येत नाही. म्हणून शक्य असेल तोवर इमारत जागेवरच राखावी. हलवणे हा शेवटचा उपाय. मात्र एकीकडे हलवणे आणि दुसरीकडे पाडणे, एवढेच उरले असेल तर? मग हलवणेच बरे.

आमची चूक

हा धडा आम्ही का लिहिला, तेही सांगतो. आम्ही ज्या गावी हेडमास्तर होतो, तिथे शाळेची जुनी इमारत होती. दोन खोल्या, पुढे ओसरी, सागवानी खांब. नवी इमारत झाल्यावर जुनीला कुलूप लागले. पाडायची आहे, ही बातमी आम्हाला चार महिने आधी समजली होती. आम्ही मनात म्हणालो, कोणीतरी बोलेल. गावकरी म्हणाले, हेडमास्तर बोलतील. शेवटी कोणीच बोलले नाही. खांब लिलावात गेले. एका म्हाताऱ्या आजोबांनी एका खांबावर हात ठेवला आणि म्हणाले, “गुरुजी, याला टेकून मी बाराखडी शिकलो हो.” आम्ही मान खाली घातली. मग अर्ज लिहिला. पण तेव्हा अर्ज लिहून काय उपयोग?

सॉगसच्या लोकांजवळ आमच्यापेक्षा जास्त काय होते? प्रेम तर आमच्या गावालाही होते. पण त्यांच्यात मंडळ आधीपासून होते, आणि वेळ आल्यावर त्याने काम आपल्या अंगावर घेतले. प्रेमाला वेळेवर सही करता आली पाहिजे.

आता आपणही वाचायला-लिहायला शिकत आहात. आपल्या गावची चावडी, धर्मशाळा, जुनी शाळा, स्टेशन एकदा हिंडून पाहा. कोणी बांधले, केव्हा बांधले, हे वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. पुढे कधी अर्ज लिहायची वेळ आली, तर तो वेळेवर लिहा. आमच्यासारखा उशीर करू नका.

प्रश्न

१. सॉगसचे स्टेशन कोणत्या साली बांधले? कोणत्या साली बंद झाले?
२. इमारत उचलताना सगळे जॅक सारखे का वर घ्यावे लागतात?
३. इमारत जागेवरच राखणे चांगले की हलवणे? आपले मत चार ओळींत लिहा.
४. आपल्या गावातल्या एका जुन्या इमारतीची माहिती विचारून घ्या आणि वर्गात वाचून दाखवा.