इंग्रजीतील 'तरुण' : शब्द अनेक, वजन वेगळे



आम्ही बँकेत कारकुनी करतो. संध्याकाळी वस्तीतील मुले नोकरीचे इंग्रजी अर्ज तपासून घेण्यासाठी आमच्या घरी येतात. मध्यंतरी बी. ए. झालेल्या एका मुलाने अर्ज आणला. अक्षर मोत्यासारखे, स्पेलिंगची एक चूक नाही. पण दुसऱ्याच ओळीत त्याने स्वतःविषयी लिहिले होते, 'आय अ‍ॅम अ जुव्हेनाइल अँड हार्डवर्किंग पर्सन.' आम्ही विचारले, "अरे, हा शब्द कुठून आणलास?" तो म्हणाला, "काका, डिक्शनरीत 'तरुण' बघितलं, तिथं होता. 'यंग' फारच साधा वाटला."

डिक्शनरी खोटे बोलली नव्हती. पण अर्ज वाचणाऱ्या साहेबाला त्या शब्दाने प्रथम बालगुन्हेगार आठवला असता आणि बाकीचा चांगला अर्ज बाजूला राहिला असता. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलले जात नाही, त्यांना अशी चूक दाखवून देणारे कोणी नसते. म्हणून हा लेख. इंग्रजीत तरुणपणाचे शब्द पुष्कळ आहेत. त्यांतील काही नुसते वय सांगतात, काही कौतुक करतात, तर काही माणसाला खाली पाडतात. शब्द उचलण्यापूर्वी तो कोणत्या गटातला आहे, हे पाहिले पाहिजे.

१. नुसते वय सांगणारे शब्द

यंग : हा सर्वांत साधा आणि सर्वांत सुरक्षित शब्द. आपल्या 'युवन्' या संस्कृत शब्दाचा हा दूरचा भाऊबंदच आहे. दोघांचे मूळ एक आहे. येथे आपली नेहमीची चूक अशी की, मराठीतल्या 'लहान भाऊ'चे आपण 'स्मॉल ब्रदर' करतो. 'स्मॉल' हा आकाराचा शब्द आहे. धाकट्या भावाला 'यंगर ब्रदर' म्हणावे.

यूथ : याचे तीन उपयोग आहेत. पहिला, तरुणपणाचा काळ : 'इन हिज यूथ' म्हणजे त्याच्या तरुणपणी. दुसरा, सगळा तरुणवर्ग : 'द यूथ ऑफ इंडिया'. तिसरा, एक तरुण मुलगा : 'अ यूथ'. हा तिसरा उपयोग वर्तमानपत्रांत मारामारी, अटक अशा बातम्यांत फार येतो, म्हणून स्वतःविषयी 'आय अ‍ॅम अ यूथ' असे लिहू नये. यूथचे वय किती, हेही सगळीकडे एक नाही. संयुक्त राष्ट्रसंघ आकडेवारीसाठी १५ ते २४ वर्षे धरतो, तर आपल्या देशाच्या २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात १५ ते २९ वर्षे धरली आहेत.

टीनेजर : इंग्रजीत तेरा ते एकोणीस या आकड्यांच्या शेवटी 'टीन' येते; थर्टीन, फोर्टीन असे नाइन्टीनपर्यंत. त्या वयाचा तो टीनेजर. बारा वर्षांचा मुलगा टीनेजर नव्हे आणि वीस वर्षांचाही नव्हे.

अ‍ॅडोलेसन्ट : म्हणजे किशोरवयीन. हा डॉक्टरांचा आणि शिक्षणशास्त्राचा शब्द आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे हे वय धरते. लॅटिन भाषेत 'वाढणे' या अर्थाचे जे क्रियापद आहे, त्यापासून हा शब्द आला आणि त्याच क्रियापदापासून 'अ‍ॅडल्ट' आला. वाढत आहे तो अ‍ॅडोलेसन्ट, वाढून झाला तो अ‍ॅडल्ट. अशी जोडी लक्षात ठेवली की विसर पडत नाही.

मायनर : हा आमच्या काउंटरवरचा रोजचा शब्द. १८७५ च्या सज्ञानता कायद्याप्रमाणे सामान्यतः १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यक्ती मायनर असते. मराठी कागदपत्रांत आपण त्याला 'अज्ञान' म्हणतो आणि सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता अशी नोंद असते. येथे अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे. स्वतःचे व्यवहार कायद्याने स्वतः करू न शकणारा, एवढाच अर्थ. पूर्वी मताचा अधिकार २१ व्या वर्षी मिळे. १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने तो १८ व्या वर्षी आला.

२. जुव्हेनाइल : कायद्याने बदललेला शब्द

लॅटिनमध्ये 'जुव्हेनिस' म्हणजे तरुण. मूळ अर्थ निर्मळ आहे. पण न्यायालय आणि सुधारगृह यांच्या संगतीत राहून शब्दाला डाग लागला. आपल्या १९८६ च्या बालन्याय कायद्यात १६ वर्षांखालील मुलगा आणि १८ वर्षांखालील मुलगी यांना 'जुव्हेनाइल' म्हटले होते. २००० च्या कायद्याने दोघांसाठी १८ वर्षे केली. पुढे २०१५ च्या कायद्याच्या नावात 'जुव्हेनाइल' राहिला, पण आत मुलाचा उल्लेख 'चाइल्ड इन कॉन्फ्लिक्ट विथ लॉ' असा आला, म्हणजे कायद्याशी संघर्ष झालेले बालक. अपराध घडला तरी ते आधी बालक आहे, हे शब्दानेच सांगितले. एका शब्दाचे वजन किती, ते यावरून कळावे.

३. कौतुक करणारे शब्द

यूथफुल : हा शब्द बहुधा वयाने तरुण नसलेल्याला शोभतो. साठीतले गृहस्थ उत्साही दिसले तर ते 'यूथफुल'. वीस वर्षांच्या मुलाला यूथफुल म्हणण्यात विशेष काही नाही.

चाइल्डलाइक : मुलासारखा निर्मळ, निष्कपट. हा गुण आहे.

४. कमी लेखणारे शब्द

चाइल्डिश : चाइल्डलाइकचा हा खोडकर भाऊ. मोठ्या माणसाने पोरकटपणा केला तर तो 'चाइल्डिश'. या दोघांची अदलाबदल झाली की स्तुतीची निंदा होते, म्हणून ही जोडी पाठच करावी.

इमॅच्युअर : म्हणजे अपरिपक्व. प्युराइल : म्हणजे पोरकट, थिल्लर, लॅटिनमध्ये 'पुएर' म्हणजे मुलगा. इन्फन्टाइल : तान्ह्या मुलासारखे वागणे, मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'ज्याला बोलता येत नाही तो'.

ग्रीन : म्हणजे कच्चा. आपण 'अजून कोवळा आहे' म्हणतो, तशीच ही झाडाफळांवरून आलेली भाषा. कॅलो : हाही अननुभवी माणसासाठीच, जुन्या इंग्रजीत याचा अर्थ टक्कल पडलेला असा होता, तेथून पंख न फुटलेल्या पिलाला तो लागला. पंख फुटून उडायला निघालेले पिलू म्हणजे 'फ्लेजलिंग'. हा शब्द मात्र निंदेचा नाही. नव्या संस्थेलाही लावतात.

किड : मूळ अर्थ शेळीचे करडू. घरगुती बोलण्यात चालतो, अर्जात चालत नाही.

५. ज्युनिअर

लॅटिनमध्ये याचा अर्थच 'अधिक तरुण'. तुलना शब्दातच आहे, म्हणून पुढे 'दॅन' लावत नाहीत, 'टू' लावतात : 'ही इज ज्युनिअर टू मी.' 'यंगर'नंतर मात्र 'दॅन' येते. स्पर्धा परीक्षांत हा प्रश्न वारंवार विचारला जातो. आणखी एक, ज्युनिअर म्हणजे हुद्द्याने किंवा नोकरीच्या वर्षांनी मागे. वयाने लहान असेलच असे नाही. आमच्या पाहण्यात पन्नाशीचे ज्युनिअर आहेत.

६. बॉय : सर्वांत छोटा आणि सर्वांत बोचरा

'बॉय' म्हणजे मुलगा, हे पहिलीतले पोरही सांगेल. पण अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोरे लोक काळ्या माणसाला, मग तो नातवंडे असलेला आजोबा का असेना, 'बॉय' म्हणूनच हाक मारीत. तू कधी मोठा होणारच नाहीस, असा त्याचा अर्थ. १९६८ साली मेम्फिस शहरात कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन सफाई कामगार मरण पावले. त्यानंतर कामगारांनी संप केला. त्यांच्या हातांतील फलकांवर चारच शब्द होते, 'आय अ‍ॅम अ मॅन', म्हणजे मी माणूस आहे, मी पुरुष आहे. 'बॉय'ला दिलेले ते उत्तर होते. त्या संपाच्या पाठिंब्यासाठी आलेले मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ रोजी त्याच शहरात हत्या झाली. पुढे २००६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात सांगितले की, नुसता 'बॉय' हा शब्दही द्वेषाचा पुरावा ठरू शकतो. संदर्भ, स्वर आणि तेथील रूढी पाहावी लागते.

हे वाचून आपणांस परके वाटणार नाही. पांढऱ्या मिशांच्या माणसाला पाटलाच्या पोराने 'अरे' म्हणावे, सखारामचा 'सख्या' आणि धोंडीबाचा 'धोंड्या' करावा, हे आपल्या आज्या-पणज्यांनी सोसले आहे. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. म्हणून ऑफिसात चहा आणणाऱ्या चाळीस वर्षांच्या माणसाला 'बॉय' म्हणण्यापूर्वी आपण तरी थांबावे. त्याला नाव आहे.

सराव

गाळलेल्या जागा भरा : (१) माझा धाकटा भाऊ : माय ___ ब्रदर. (२) आजोबांचा उत्साह तरुणासारखा : ग्रँडफादर इज ___. (३) ती मला ज्युनिअर आहे : शी इज ज्युनिअर ___ मी. (४) तिचे निर्मळ हसू : हर ___ स्माइल.

उत्तरे : (१) यंगर (२) यूथफुल (३) टू (४) चाइल्डलाइक.

त्या मुलाच्या अर्जातील ओळ आम्ही खोडली आणि वर लिहिले, 'आय अ‍ॅम ट्वेंटी-टू इयर्स ओल्ड.' तो म्हणाला, "काका, एवढंच?" आम्ही म्हटले, "एवढंच. वय तू सांग, बाकीचं तुझं काम सांगेल." अर्ज दुसऱ्या दिवशी टपालात पडला. उत्तराची वाट तोही पाहत आहे आणि आम्हीही.