चिंध्यांतील चित्रकला

चित्र म्हटले की कागद, रंग आणि कुंचला यांचीच आपणांस आठवण होते. परंतु आमच्या पांढुर्णा-सौसर भागात असेही एक चित्र आहे की, जे रात्री अंगावर पांघरतात व सकाळी घडी करून ठेवतात. ते चित्र म्हणजे गोधडी. कित्येक घरी तिला वाकळ म्हणतात.

आमचा मुलूख कापसाचा. कापूस वेचण्याचे कष्ट ज्या घराने पाहिले, ते घर जीर्ण लुगडे सहजासहजी टाकून देत नाही. जुनी लुगडी व धोतरे एकावर एक अंथरून त्यांवर रंगीत तुकडे मांडतात आणि काठाकडून मध्याकडे धावदोरा घालीत जातात. यात शास्त्रही आहे. अनेकदा धुतलेले कापड मऊ झालेले असते. ते आणखी फारसे आटत नाही. टाके थरांना सरकू देत नाहीत आणि थरांमधील कोंडलेली हवा ऊब धरून ठेवते. गडद तुकड्याशेजारी फिकट तुकडा कोठे ठेवावा, हे ठरविणारी नजर मात्र चित्रकाराचीच असते.

ही कला आपल्यापुरतीच नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांच्या काठांतील दोरे काढून कांथ्यावर पाने, फुले, पशुपक्षी भरीत असत. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया आपल्या कवंदीच्या चारही कोपऱ्यांना कापडी 'फुले' लावतात; त्यांच्यावाचून कवंदी पुरी झाली असे त्या मानीत नाहीत.

अमेरिकेतील हॅरिएट पॉवर्स (1837–1910) या कृष्णवर्णी स्त्रीचा जन्म गुलामगिरीत झाला. तिने सुती कापडाचे तुकडे कापून, जोडून बायबलमधील प्रसंगांची गोधडी केली. 1886 साली अथेन्स गावच्या कापूस-प्रदर्शनात एका चित्रकला-शिक्षिकेने ती पाहून विकत मागितली. हॅरिएटने नकार दिला. पुढे हलाखी आली. दहा डॉलर मागून अखेर पाच डॉलरांवर तिला ती द्यावी लागली. त्यानंतरही ती आपली गोधडी पाहावयास त्या घरी जात असे. तिने प्रत्येक चित्राचा अर्थ सांगितला व शिक्षिकेने तो लिहून ठेवला. आज तिच्या दोन गोधड्या वॉशिंग्टन व बोस्टन येथील संग्रहालयांत आहेत.

त्या शिक्षिकेने लिहून ठेवले नसते, तर त्या चित्रांचा अर्थ आज आपणांस कोण सांगता? आमच्या आज्यांच्या गोधड्यांवर तर कोणाचेच नाव नसते. म्हणून आम्ही सुचवितो की, या सुटीत प्रत्येकाने घरातील एक गोधडी उलगडावी, आजीजवळ बसावे आणि कोणता तुकडा कोणाच्या वस्त्राचा, हे विचारून वहीत उतरवावे. आरंभी शिवणारीचे नाव लिहावयास मात्र विसरू नये.