लोकर आपली, दोर प्रमाणित: जुन्नर-आंबेगावात ट्रेकिंगच्या सामानाचा धंदा



जुन्नर, आंबेगाव भागातली तरुण मुलं बॅचला आली की एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, आमच्याकडे शनिवार-रविवारी ट्रेकर लोकांच्या गाड्यांची रांग लागते. दुसरीकडे धनगर मेंढरं कातरतात आणि लोकर तशीच टाकून देतात. या दोन गोष्टी जोडून धंदा होईल का?"

होईल. पण कसा होईल आणि कुठे फसेल, हे व्हिडिओत वेळेअभावी नीट सांगता आलं नव्हतं, म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा, मध्ये एक हिशोब आहे.

आधी बाजार बघू

२०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र जाहीर केला. २०२५ मध्ये शिवनेरीचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. जीवधन, हडसर, चावंड, नाणेघाट, शेजारी आंबेगावात आहुप्याचा कडा आणि भीमाशंकरचं जंगल. जीवधनशेजारच्या वानरलिंगी सुळक्यावर तर खास प्रस्तरारोहण करणारे येतात. म्हणजे ग्राहक दारात आहे.

कच्चा मालही दारात आहे. आपल्या धनगरांची मेंढी दख्खनी जातीची, आणि तिची लोकर वर्षातून साधारण दोनदा कातरतात. पूर्वी ही लोकर सनगरांच्या मागावर जायची, चिंचोक्याची खळ लागायची आणि घोंगडी तयार व्हायची. स्वस्त ब्लँकेट आली, घोंगडीची मागणी घटली आणि लोकरीचा भाव पडला.

इथे बहुतेक जण पहिली उडी मारतात: "सर, मग आपण लोकरीचे टी-शर्ट, मोजे काढू. परदेशात मेरिनोचे हजारो रुपयांना विकतात!"

थांबा.

माल काय आहे ते ओळखा

मेरिनो लोकरीचा धागा साधारण १७ ते २२ मायक्रॉन जाडीचा असतो. ३० मायक्रॉनच्या आसपास आणि पुढे धागा कातडीला टोचायला लागतो. दख्खनी लोकर जाडीभरडी, त्यात केसासारखे राठ तंतू बरेच. ती थेट अंगाला लागली की खाजणारच. आमच्या एका बॅचमधल्या ताईंनी हौसेने मोजे विणून घेतले. पहिल्याच ट्रेकला गिऱ्हाइकांनी ते काढून पिशवीत टाकले. माल वाईट नव्हता, जागा चुकली.

मग या लोकरीचे गुण कोणते? लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला फारशी ओली लागत नाही. ओलसर झाली तरी बऱ्यापैकी ऊब धरते. ठिणगी पडली तर पॉलिस्टरसारखी वितळून कातडीला चिकटत नाही. आणि जाडीभरडी असल्यामुळेच दगडावर घासली तरी दम धरते.

दोषही सांगा, लपवू नका. पूर्ण भिजली की जड होते आणि वाळायला वेळ घेते. त्यामुळे आपल्याकडच्या पावसात "रेनकोटऐवजी वापरा" असं सांगून ती विकू नका.

म्हणून अंगाला न टेकणारा माल निवडा: दगडावर बसायला बसकर, तंबूत अंथरायला घोंगडी, बाटलीची गवसणी, आतून सुती अस्तर लावलेलं जाकीट. यातला बसकर सुरुवातीला सगळ्यात सोपा, कारण त्यात मापाची भानगड नाही आणि किंमत खिशाला झेपणारी.

दुकानात दोन फळ्या ठेवा

आता आजच्या धड्याचा गाभा. डोंगराचं सामान विकायचं तर मनात दोन फळ्या करा. एक उबेच्या मालाची, दुसरी जिवाच्या मालाची.

१९२४ साली एव्हरेस्टवर गेलेले जॉर्ज मॅलरी लोकर, रेशीम आणि सुती कापडाचे थर घालून चढले होते. १९९९ मध्ये त्यांचा देह सापडला. कपड्यांचे तुकडे अभ्यासून तसेच कपडे पुन्हा तयार केले गेले आणि २००६ मध्ये एव्हरेस्टच्या पायथ्याच्या भागात ते घालून पाहिले. ते चांगले उबदार निघाले. पण मॅलरींच्या कमरेचा दोर तुटलेला सापडला होता.

यातून काय घ्यायचं? लोकरीचे कपडे गिर्यारोहकांनी आजही सोडलेले नाहीत. सुती-तागाचे दोर मात्र सोडले. आधी नायलॉन आलं, मग १९५३ मध्ये एडलरिड या जर्मन कंपनीने आत गाभा आणि वर विणलेलं कवच अशा रचनेचा दोर आणला. आज चढाईला याच रचनेचे दोर वापरतात.

उबेच्या फळीवरचा माल तुम्ही स्वतः बनवा, प्रयोग करा, चुका. बसकर फाटला तर पैसे परत देता येतात. जिवाच्या फळीवरचा माल, म्हणजे दोर, हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर, स्लिंग, हा कधीही स्वतः बनवायचा नाही, गावात शिवून घ्यायचा नाही, जुना विकत घ्यायचा नाही. तिथे पैसे परत देण्याचा प्रश्नच येत नाही.

जिवाच्या फळीचे नियम

काही वर्षांपूर्वी मी एका रॅपलिंगच्या कार्यक्रमाला गेलो होतो. दोराचं कवच एके ठिकाणी केसाळ झालं होतं. मी विचारलं, "हा दोर किती वर्षांचा?" दोर लावणारा मुलगा हसून म्हणाला, "सर, अजून तुटला नाही की!" मी खाली उतरलो नाही. त्या मुलाचा दोष मी कमी धरतो. त्याच्या मालकाने वही ठेवली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं.

तुम्ही हे करा:

१. शिक्का बघून घ्या. यूआयएए किंवा सीई खूण हवी आणि योग्य मानक हवं. चढाईचा ताण घेणारा दोर ईएन ८९२, रॅपलिंगसाठी कमी ताणाचा दोर ईएन १८९१, हार्नेस ईएन १२२७७, कॅराबिनर ईएन १२२७५, गिर्यारोहणाचं हेल्मेट ईएन १२४९२. मोटारसायकलचं हेल्मेट इथे चालत नाही.

२. प्रत्येक नगाला नंबर आणि वही. बनवल्याची तारीख, पहिल्या वापराची तारीख, प्रत्येक वापर, बसलेला झटका, तपासणाऱ्याची सही. कवच फाटलं, दोर हाताला कुठे मऊ-चपटा किंवा कडक लागला, तर तो बाद. बाद दोर तुकडे करूनच टाका, नाहीतर कोणीतरी पुन्हा वापरतो. न वापरलेल्या दोरालाही वयाची मर्यादा असते. ती कंपनीच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती पाळा.

३. ठेवण्याची जागा. हे आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो. शेतकऱ्याच्या घरात एकाच खोलीत खतं, फवारणीची औषधं, ट्रॅक्टरची बॅटरी असते. बॅटरीतलं आम्ल आणि त्याची वाफ नायलॉनला आतून खाते, आणि ते वरून दिसत नाही. दोर वेगळ्या, कोरड्या, उन्हापासून लांब खोलीतच.

४. नुसतं भाड्याने देऊ नका. तंबू, बसकर, घोंगडी कोणालाही भाड्याने द्या. दोर आणि हार्नेस प्रशिक्षित माणसाशिवाय दुकानाबाहेर जाता कामा नये. स्वतः साहसी उपक्रम चालवायचे असतील तर राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करा. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाची परवानगी लागते ती वेगळी.

आता हिशोब

खालचे आकडे फक्त उदाहरणाचे आहेत, तुमचे आकडे तुम्ही भरा. समजा १० बसकर करायचे:

– कच्ची लोकर ६ किलो, ३० रुपये दराने: १८० रुपये
– निवडणं, धुणं: ४२० रुपये
– पिंजणं आणि दाबून जाड थर करणं: १,८०० रुपये
– कड शिवणं, पट्टा, लेबल: ६०० रुपये
– वाहतूक: ३०० रुपये

एकूण ३,३०० रुपये. लोकरीत काडी-कुसळ राहिल्यामुळे २ नग बाद झाले. विकण्याजोगे ८, म्हणजे नगाला ४१२.५० रुपये.

विक्री किंमत ६०० ठेवली आणि होमस्टेवाल्याला २० टक्के कमिशन दिलं, तर हातात ४८० येतात. शिल्लक ६७.५० रुपये. जेमतेम.

आता बघा, ३,३०० मध्ये लोकर किती? फक्त १८०! आणि आपण धंद्याची सगळी भिस्त ठेवली होती "लोकर फुकट मिळते" यावर.

याच हिशोबात लोकरीला दुप्पट भाव द्या, ६० रुपये. पण अट घाला: कातरणीआधी मेंढरं नदीवर धुवायची, आणि पोटा-पायाची घाण लोकर वेगळी ठेवायची. एकूण खर्च ३,४८० झाला. बाद नग २ ऐवजी १ झाला, तर विकण्याजोगे ९. नगाला ३८६.६७ रुपये, शिल्लक ९३.३३. दुप्पट भाव देऊन बसकर स्वस्त पडला! धनगराला दोन पैसे जास्त मिळाले आणि पुढच्या कातरणीला तो आधी तुम्हाला फोन करील. फुकट दिलेला माल कोणी धुऊन देत नाही.

"पर्यावरणपूरक" लिहिण्याआधी

लेबलवर तेच लिहा जे दाखवता येईल. बाहेरून सूत घेत असाल तर एक धागा जाळून बघा. लोकर जळक्या केसासारखी वास मारते आणि राख बोटाने चुरते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. भेसळ असेल तर "मिश्र" असं स्पष्ट लिहा. आणि साठवलेल्या लोकरीला कसर लागते, म्हणून अधूनमधून ऊन दाखवा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या भागात वाडा घेऊन उतरणाऱ्या किमान तीन धनगरांशी बोला. दादा, मामा म्हणून चहाला बसा. कातरणी कधी, लोकर किती, आता तिचं काय करता, एवढंच विचारा. भाव पहिल्या भेटीत काढू नका.

२. रविवारी पायथ्याशी उभं राहून २० ट्रेकरना विचारा: बसायला, झोपायला काय वापरता? कितीला घेतलं?

३. वरचा हिशोब स्वतःच्या आकड्यांनी करा. "बाद नग" ही ओळ गाळू नका.

४. जिवाच्या फळीसाठी आज एक वही आणा. दोर नंतर घ्या, वही आधी. वही ठेवायचा कंटाळा येत असेल, तर ती फळी उघडूच नका. नुसत्या उबेच्या फळीवरही इमानदारीचा धंदा उभा राहतो.

गृहपाठ केल्याशिवाय पुढचा व्हिडिओ बघू नका. त्यात याच बसकरचं पॅकिंग आणि किंमत ठरवणार आहोत.

भेटू पुढच्या धड्यात!