लॉगिन होतंय, मग फाइल का येत नाही?

प्रोजेक्टचा रिपोर्ट सकाळी नऊला द्यायचा होता आणि आदल्या रात्री साडेनऊला माझा सगळा रिझल्ट लॅबच्या सर्व्हरवर अडकला होता. हॉस्टेलवरून लॉगिन झकास होत होतं. फोल्डर दिसत होता, फाइल दिसत होती. पण एससीपीने ती लॅपटॉपवर ओढायला गेलं की एक लांबलचक आकडा यायचा आणि सगळं बंद! मी लगेच लॅबच्या काकांना फोन लावला. "काका, तुम्ही सर्व्हरवर काहीतरी बदललंय." बिचारे काका जेवण अर्धवट टाकून सायकलवरून लॅब उघडायला आले. चूक कोणाची निघाली ते शेवटी सांगते. आधी थोडा अभ्यास करू, कारण सबमिशनच्या आठवड्यात ही वेळ कोणावरही येऊ शकते.

हे एसएसएच आलं कुठून?

१९९५ साली फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्डची चोरी झाली. तेव्हा टेलनेट आणि एफटीपीमधून पासवर्ड उघडाच जायचा, पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा. तिथल्या तातू इलोनेन यांनी यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. एफटीपीचं पोर्ट २१, टेलनेटचं २३. मधलं २२ मोकळं होतं, ते एसएसएचला मिळालं. लिनक्सवर आपण वापरतो ते ओपनएसएसएच १९९९ साली आलं. एससीपी आणि एसएफटीपी हे दोघेही फाइल नेतात ते याच सुरक्षित बोगद्यातून.

एरर वाचा, मग घाबरा

आपण एरर दिसली की विंडो बंद करतो आणि परत तीच कमांड मारतो. मित्रांनो, असं करू नका. कनेक्शन कुठल्या पायरीवर पडलं ते एररच सांगते.

१) टाइम आउट : तुमच्या हाकेला कोणी ओ दिली नाही. सर्व्हर बंद आहे, आयपी चुकलाय, तुम्ही भलत्याच वायफायवर आहात, किंवा मधला फायरवॉल पॅकेट गुपचूप टाकून देतोय.

२) कनेक्शन रिफ्यूज्ड : ही त्यातल्या त्यात चांगली बातमी! बहुतेक वेळा याचा अर्थ मशीन जागं आहे, फक्त त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. एसएसएचची सर्व्हिस बंद असेल किंवा पोर्ट बदललं असेल. पोर्ट देताना एक गंमत लक्षात ठेवा. एसएसएचमध्ये ते लहान पीने देतात, एससीपीमध्ये कॅपिटल पीने. एससीपीत लहान पी म्हणजे फाइलची मूळ तारीख-वेळ जशीच्या तशी ठेवणं.

३) होस्टची ओळख बदलली : मोठ्ठी वॉर्निंग येते. सर्व्हर नव्याने इन्स्टॉल झाला असेल, किंवा तो आयपी दुसऱ्या मशीनला गेला असेल. पण मध्ये खरोखरच कोणी बसलेलं असू शकतं! म्हणून नोन होस्ट्स फाइलमधली जुनी ओळ डोळे मिटून उडवू नका. आधी सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारून नवीन फिंगरप्रिंट जुळवून बघा.

४) परमिशन डिनाइड : दारापर्यंत पोहोचलात, पण आत घेतलं नाही. युजरनेम तपासा. की वापरत असाल तर प्रायव्हेट कीची परमिशन ६०० आणि एसएसएचच्या फोल्डरची ७०० हवी. तुमची की दुसऱ्यांनाही वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरतच नाही. हेच शब्द लॉगिन झाल्यावर, कॉपी करताना आले तर मात्र दोष पासवर्डचा नाही, फोल्डरचा. तिथे वाचायचा किंवा लिहायचा हक्क तुम्हाला नाही.

तरीही कळलं नाही तर कमांडला डॅश व्ही जोडा. प्रत्येक पायरी स्क्रीनवर छापली जाते. शेवटची ओळ जिथे थांबली, तिथे गडबड.

५) फाइल अर्धी येऊन थांबते : आधी डिस्क किंवा कोटा भरलाय का बघा. वायफाय सारखं तुटत असेल तर आरसिंक वापरा. त्याला पार्शल हा पर्याय दिला तर अर्धवट आलेली फाइल तो ठेवतो आणि पुढच्या वेळी तिचा उपयोग करतो. शेवटी दोन्हीकडे शा-२५६ची बेरीज काढून जुळवा. नुसती साइज सारखी आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

आता माझी केस

काकांनी सगळं बघितलं. सर्व्हर चालू, डिस्क रिकामी, बाकीच्यांच्या फाइली व्यवस्थित जातायत. मग फोनवर म्हणाले, "अगं, लॉगिन केल्यावर पहिली ओळ काय येते?" मी म्हटलं, "हॅलो." काका म्हणाले, "ती सर्व्हरची नाही, तुझीच आहे."

झालं होतं असं, की दोन दिवसांपूर्वी मी हौसेने डॉट बॅशआरसी फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत इंग्रजीत हॅलो छापायची कमांड टाकली होती. माणसाने लॉगिन केलं तर ते छान दिसतं. पण ही फाइल एससीपी किंवा एसएफटीपीने आलं तरी चालते! ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे २०२२ पासून, एससीपीसुद्धा आतून एसएफटीपीच वापरतं. एसएफटीपीत प्रत्येक निरोपाचे पहिले चार बाइट म्हणजे त्या निरोपाची लांबी. माझ्या लॅपटॉपला लांबीच्या जागी मिळाली हॅलोची पहिली चार अक्षरं : एच, ई, एल, एल. त्यांचे आस्की कोड ७२, १०१, १०८, १०८. हे चार बाइट एकच संख्या म्हणून वाचले की होतात १,२१,४६,०६,४४४. तोच तो लांबलचक आकडा! कॅल्क्युलेटर घ्या आणि स्वतः करून बघा. एवढा मोठा निरोप कोण घेणार? त्याने फोन ठेवून दिला.

याची परीक्षा सोपी आहे. एसएसएचने सर्व्हरवर नुसती ट्रू ही कमांड चालवा. स्क्रीनवर काहीही उमटता कामा नये. एक अक्षर जरी उमटलं तरी फाइल अडकू शकते. नमस्कार-चमत्कार करायचेच असतील तर ते बॅश प्रोफाइलमध्ये टाका, ती फाइल फक्त लॉगिनच्या वेळी वाचली जाते.

मी ती ओळ काढली आणि फाइल आली. सकाळी रिपोर्ट दिला आणि तशीच लॅबमध्ये जाऊन काकांना सॉरी म्हटलं. ते म्हणाले, "पुढच्या वेळी आधी तुझं बघ, मग माझं." मी तेच वाक्य कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलंय. तुम्हीही चिकटवा!