देव्हाऱ्यावरचे जुने चित्र

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजी-आजोबांनी भारतातून इंग्लंडला आणलेले लक्ष्मीचे किंवा सरस्वतीचे जुने चित्र आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यांतली बरीच चित्रे तिथली, नाहीतर त्यांच्या नकला. रंग तैलचित्रासारखे तकाकतात, पण खाली कागद आहे. म्हणून चित्राला ओले फडके लावू नये. काच पुसायचा फवाराही काचेवर थेट मारू नये, कडेने आत झिरपतो, फडक्यावर घ्यावा.

इथे जास्त त्रास भिंतीचा. बाहेरची भिंत हिवाळ्यात गार पडते, घरातली वाफ फ्रेममागे धरते आणि बुरशी येते. रेडिएटरवर टांगले तर कागद ठिसूळ होतो. आतली, ऊन न येणारी भिंत बरी. समई आणि उदबत्ती चित्राच्या अगदी खाली नकोत. काजळी फटींतून आत जाते. (देवीला धूप थोडा लांबूनही पोचतो!)

फ्रेममागच्या जुन्या लाकडी फळीतल्या आम्लाने कागद तपकिरी पडतो. तिथे आम्लरहित पुठ्ठा घालून घ्यावा, आणि काच टेकू नये म्हणून कडेने माउंट. चित्र काचेला चिकटले असेल तर ओढू नका, तसेच कागद-संवर्धकाकडे न्या. लॅमिनेशन मात्र कधीच नको, ते पुन्हा सुटत नाही.

चित्र कोणी, कुठून आणले ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि नव्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा.