कळ नाहीं, पण रक्त पडतें

मुलाच्या शौचावाटे रक्त पडलें कीं घरचीं माणसें "उष्णता झाली" किंवा "आंव पडली" असें म्हणतात. पुष्कळ वेळां कारण साधेंच असतें. परंतु पोटांत कळ नाहीं, ताप नाहीं, मूल खेळत आहे, आणि तरीहि विटकरी किंवा काळसर लाल रक्त पुष्कळ पडतें, असें झाल्यास एका जन्मजात दोषाचा विचार केला पाहिजे. त्याविषयीं आम्ही येथें थोडें लिहितों.

दोषाचें मूळ.— गर्भ अगदीं लहान असतां त्याच्या आंतड्यापासून एक बारीक नळी बेंबीच्या वाटेनें बलकाच्या पिशवीकडे गेलेली असते. सुमारें आठव्या आठवड्यापर्यंत ती मिटून नाहींशी होते. कित्येकांत मात्र तिचा आंतड्याकडील भाग शिल्लक राहतो, आणि लहान आंतड्याच्या शेवटल्या भागास बोटाच्या पेरांएवढी एक पिशवी राहते. जर्मनींतील हाले येथील शरीरशास्त्रज्ञ योहान फ्रीड्रिख मेकेल यांनीं १८०९ सालीं तिची उत्पत्ति स्पष्ट केली. त्यांचेंच नांव तिला मिळालें आहे. शंभरांत सुमारें दोघांस ती असते, व बहुतेकांस जन्मभर तिचा कांहींच त्रास होत नाहीं.

रक्त कां पडतें?— कांहीं पिशव्यांच्या आंत जठरासारखें अस्तर असतें. तें आम्ल निर्माण करितें. जठराला आम्ल सोसतें, पण शेजारच्या आंतड्याला तें सोसत नाहीं. तेथें व्रण पडतो व रक्त वाहूं लागतें. दोन वर्षांखालील मुलांत हें अधिक आढळतें. मोठ्या मुलांत व तरुणांतहि घडतें.

खरा धोका.— हें रक्त पुष्कळदां आपोआप थांबतें. मग घरचीं माणसें निश्चिंत होतात, आणि तें पुन्हां पडतें. दुखत नाहीं म्हणून धोका नाहीं, असें समजूं नये. ओठ व नखें फिकट होणें, हातपाय गार पडणें, नाडी जलद चालणें, मूल मलूल होणें, हीं चिन्हें दिसतांच क्षणाचाहि विलंब न करितां मुलास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयांत न्यावें. याच पिशवीमुळें कधीं आंतडें अडकतें. तेव्हां जोराची कळ येते, हिरवी उलटी होते व पोट फुगतें. तीहि तितकीच निकड होय.

उपाय.— साध्या क्ष-किरण चित्रांत ही पिशवी बहुधा दिसत नाहीं. शिरेंतून टेक्नेशियम नांवाचें द्रव्य देतात. तें जठरासारख्या अस्तरांत जमतें व यंत्रावर ठिपका उमटतो. मग शस्त्रक्रियेनें पिशवी काढून टाकितात.

ग्रहणांत कांहीं चिरल्यानें किंवा आईच्या खाण्यापिण्यानें हा दोष होत नाहीं. म्हणून कोणीं आईस बोल लावूं नये.

प्रश्न.— (१) ही पिशवी कशाचा अवशेष आहे? (२) वेदना नसतांहि रक्त कां पडतें? (३) कोणतीं चिन्हें दिसतांच रुग्णालय गांठावें?